‘प्रत्येका’त कोण कोण येते?

इंग्रजीच्या पेपरात ‘चूक दुरुस्त करा’ या प्रश्नाखाली एका ठरावीक घडणीचे वाक्य वर्षानुवर्षे येत राहिले. सुरुवातीला ‘एव्हरीवन’, ‘एनीबडी’ किंवा ‘ईच’ असे एखादे अनिश्चित सर्वनाम आणि पुढे कुठेतरी ‘देअर’. उत्तर पाठ असायचे: ‘देअर’ खोडायचे, वर ‘हिज’ लिहायचे. ‘एव्हरीवन’ एकवचनी आहे, तेव्हा त्याच्याबद्दल पुढे येणारे सर्वनामही एकवचनी हवे. आणि माणूस स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल तर पुल्लिंगी रूप वापरावे, असे त्याचे कारण सांगितले जाई. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी हा नियम रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून घोकला. ते पुस्तक १९३५ साली मुंबईच्याच कूपर कंपनीने काढले, आणि त्यातले पी. सी. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काही वर्षे काढलेली होती. दोन्ही लिंगांना चालेल असे तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनाम इंग्रजीत नाही, म्हणून पुल्लिंगी, एवढे स्पष्टीकरण त्यात दिलेले आहे. या स्पष्टीकरणालाच माझी हरकत आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी असे सर्वनाम शतकानुशतके वापरलेले होते. ते अठराव्या शतकात व्याकरणाच्या पुस्तकांनी चूक ठरवले, एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी आलेला ‘ही’ कायद्यात जाऊन बसला, आणि ‘ही’मध्ये स्त्रिया येतात या दाव्याची खरी परीक्षा झाली तेव्हा तो दावा टिकला नाही.

आधी जुना वापर पाहू. अनिश्चित व्यक्तीसाठी ‘दे’ वापरल्याची उदाहरणे चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत सापडतात; चॉसरच्या लेखनात ती आहेत, शेक्सपिअरच्या नाटकांत आहेत. इंग्रजी गद्याचा मानदंड मानल्या गेलेल्या १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये, फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनात, ‘ईच’ या एकवचनी शब्दामागून ‘देमसेल्व्हज’ हे अनेकवचनी रूप आलेले आहे. भाषांतरकार मंडळी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू कोळून प्यायलेली होती. व्याकरणात ती कच्ची होती असे कुणी म्हणणार नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर ‘एव्हरीबडी’नंतर ‘देअर’ इतक्या वेळा येते की ती हलगर्जी समजणे शक्यच नाही. ‘एव्हरीवन’ क्रियापदाशी एकवचनी वागतो, पण अर्थाने तो अख्खा समुदाय डोळ्यांपुढे आणतो. बोलणाऱ्याने क्रियापद रूपाप्रमाणे ठेवले आणि सर्वनाम अर्थाप्रमाणे घेतले. त्यात गोंधळ नव्हता.

मग हे चूक कधी ठरले? इंग्लंडच्या शाळांत राजाज्ञेने शिकवले जाणारे, विल्यम लिली यांच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण सोळाव्या शतकापासून मुलांना एक गोष्ट पढवत होते: लिंगांमध्ये पुल्लिंग अधिक योग्यतेचे, म्हणून दोन लिंगांची नामे एकत्र आली की विशेषणाने पुल्लिंगी रूप घ्यावे. लॅटिनपुरता तो रूपांचा प्रश्न होता. इंग्रजीत विशेषणाला लिंगच नाही, त्यामुळे तिथे हा नियम लागू व्हायला जागा नव्हती. उरले होते फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’. ती जागा १७४५ साली न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशर यांच्या ‘अ न्यू ग्रामर’मध्ये भरली गेली. स्त्रीपुरुष दोघांनाही सामावणाऱ्या सर्वसाधारण नामाला पुल्लिंगी सर्वनाम लावावे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढच्याच वर्षी जॉन कर्कबी यांच्या व्याकरणात तोच नियम आला. फिशर स्वतः मुलींची शाळा चालवत. इंग्रजीवर लॅटिनचे सगळे साचे लादू नयेत असे त्यांचे मत होते, आणि मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती सुधारायला लावण्याची पद्धत रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या त्या वाक्याचा उगम तिथवर जातो.

पण नियम घरोघर पोचवला तो लिंडली मरे यांनी. पेनसिल्व्हेनियात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेले मरे पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाले, आणि तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले. ते लाखोंनी खपले. त्यातले एक उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. जगात पहिले पाऊल टाकणाऱ्या कुणालाही आपली फसगत होणार नाही अशी खात्री असू शकेल काय, अशा आशयाचे ते वाक्य आहे. मूळ वाक्यात ‘एनी वन’नंतर ‘देअर’ आणि ‘दे’ आले होते. मरेंनी ती चूक म्हणून दाखवून ‘हिज’ आणि ‘ही’ सुचवले. पुस्तक लिहिले मुलींसाठी, जगात पाऊल टाकण्याचे वाक्य वाचणार त्या मुली, आणि दुरुस्तीनंतर त्या वाक्यात पाऊल टाकणारा मुलगा झाला. मरेंच्या मनात मुलींविषयी आकस होता असे मानायला काही आधार नाही, फिशर तर स्वतःच शिक्षिका होत्या. कारस्थान कुणाचेच नव्हते. पुस्तकी सवय होती, आणि सवयीचा परिणाम कारस्थानापेक्षा अधिक टिकतो, कारण तिच्याशी भांडायला समोर कुणी नसते. हेच मरे मुंबईतही आले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ सिद्ध केले तेव्हा मांडणीसाठी त्यांच्यापुढे मरेंचा नमुना होता.

इथे वैयाकरणाचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. एकवचनी शब्दाला अनेकवचनी सर्वनाम लावले तर वचनाची शिस्त राहत नाही, आणि शिस्त गेली की अर्थ निसटतो, असे तो म्हणेल. याला इंग्रजीनेच उत्तर दिलेले आहे. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन. एका माणसासाठी ‘दाऊ’ होते. आदरापोटी एकालाही ‘यू’ म्हणायची रीत वाढत गेली आणि ‘दाऊ’ व्यवहारातून गेले. क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी याविरुद्ध १६६० साली एकवचन-अनेकवचन शिकवणारे पुस्तकच काढले, आणि एका माणसाला अनेकवचनाने संबोधणे असत्य आहे म्हणून क्वेकरांनी त्यापायी छळ सोसला. ते हरले, आणि इंग्रजीचे काही बिघडले नाही. मराठी वाचकाला तर हे पटवून द्यावेच लागत नाही. ‘बाबा आले’, ‘आपण बसा’, ‘त्या म्हणाल्या’ असे म्हणताना समोर एकच व्यक्ती असते आणि तिची संख्या किती, असा प्रश्न कुणाला पडत नाही. लिंग ठाऊक नसेल तेव्हा मराठी पुल्लिंगाकडे धावतही नाही: दारावर थाप पडली की आपण ‘कोणीतरी आलंय’ असे नपुंसकलिंगी म्हणतो, आणि नवराबायको मिळून ‘ती दोघं’ होतात. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक उघडावे’ यातला ‘आपले’ पुस्तकाचे लिंग घेतो, उघडणाऱ्याचे नव्हे. मात्र ‘प्रत्येकाने’ हे रूप पुल्लिंगी आहे आणि शेजारी ‘प्रत्येकीने’ही आहे, हे विसरून मराठीला निर्दोष ठरवण्यात अर्थ नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण तिथे सर्वनामाच्या निवडीने माणसांची आयुष्ये ठरली. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली कायद्यांची भाषा आटोपशीर करण्यासाठी एक कायदा केला. लॉर्ड ब्रूम यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याने ठरवले की उलट काही स्पष्ट म्हटलेले नसेल तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, एकवचनात अनेकवचन येते आणि अनेकवचनात एकवचन. या कलमाची रचना बारकाईने पाहावी. वचनाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवली, लिंगाची मात्र एकाच बाजूने. म्हणजे वैयाकरण ज्या वचनासाठी ‘दे’ला बाहेर ठेवत होते, ते वचन कायद्याने एका ओळीत सैल करून टाकले. वचन इतके लवचिक असेल तर ‘एव्हरीवन’नंतर ‘दे’ चालवून घ्यायला काय हरकत होती? मला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कुठेही मिळालेले नाही.

पुढे १८६७ साली मतदानाचा हक्क वाढवणारे विधेयक आले. जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यातला ‘मॅन’ काढून ‘पर्सन’ घालण्याची सूचना मांडली; ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. कायद्यात ‘एव्हरी मॅन’ राहिले. मँचेस्टरच्या ५,३४६ स्त्रियांनी त्याच कायद्याखाली मतदारयादीत नाव मागितले. पुल्लिंगी शब्दात स्त्रिया येतात असे ब्रूम यांचा कायदाच सांगत होता, हा त्यांचा आधार. ‘चोर्लटन विरुद्ध लिंग्ज’ या १८६८ च्या खटल्यात न्यायालयाने तो फेटाळला. या ‘मॅन’मध्ये स्त्रिया येत नाहीत, असा निकाल लागला. त्याच काळात कर आणि शिक्षा यांच्या कायद्यांतला ‘ही’ स्त्रियांना बिनदिक्कत लागू होत होता. अमेरिकेत सुसान अँथनी यांनी १८७२ साली मतदान केले आणि त्याबद्दल त्यांना शंभर डॉलर दंड झाला. दंड करताना ‘ही’मध्ये स्त्री येते, मग मत देताना का नाही, असे त्यांनी आपल्या भाषणांतून विचारले.

हिंदुस्थानातही हेच घडले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमाने ‘ही’ हे सर्वनाम स्त्री किंवा पुरुष कुणाहीसाठी आहे असे जाहीर केले, त्यामुळे तुरुंगाची वाट स्त्रियांना खुली होती. १८६८ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनेही पुल्लिंगात स्त्रिया धरल्या. पण वकिलीच्या सनदेचा प्रश्न आला तेव्हा चित्र पालटले. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या, तरी वकील म्हणून त्यांना वर्षानुवर्षे मान्यता मिळाली नाही. कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ साली नाकारला. वकिलांविषयीच्या १८७९ च्या कायद्यात सर्वनामे पुल्लिंगी होती आणि जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या मदतीनेही स्त्री त्यात बसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला १९२१ साली तोच निकाल आला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र त्याच वर्षी सोराबजींना सनद दिली. शेवटी १९२३ साली स्त्रियांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ‘ही’मध्ये त्या खरोखरच असत्या तर त्याची गरज पडली नसती.

यावर कुणी म्हणेल की दोष न्यायाधीशांच्या पूर्वग्रहाचा, सर्वनाम बिचारे काय करणार. हे अर्धे खरे आहे. कायद्यात ‘पर्सन’ असते तरी काहींनी पळवाट काढली असती. कॅनडात सिनेटसाठी स्त्री ही ‘पर्सन’ आहे की नाही यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला १९२९ साली होकारार्थी निकाल द्यावा लागला, म्हणजे ‘पर्सन’ही पुरेसा ठरला नव्हता. तरी फरक उरतोच. सर्वसमावेशक शब्दातून स्त्रीला वगळणाऱ्याला कारण द्यावे लागते. पुल्लिंगी शब्दातून वगळणाऱ्याला शब्दाकडे बोट दाखवले की पुरते. ‘ही’ सर्वांसाठी आहे असे शाळेत सांगितले जात होते, आणि न्यायालयात त्याच ‘ही’चा आधार घेऊन दार बंद करता येत होते.

पर्याय शोधण्याची धडपडही झाली. अमेरिकन वकील आणि संगीतकार चार्ल्स कॉन्व्हर्स यांनी एकोणिसाव्या शतकात ‘दॉन’ असे नवे सर्वनाम घडवले. ते शब्दकोशांत शिरले आणि १९६१ च्या वेबस्टरमधून गेले, कारण ते कुणी बोललेच नाही. बोलणारे ‘दे’ म्हणत राहिले. १९७० नंतर स्त्रीवादी चळवळीने प्रकाशकांना ‘ही’चा फेरविचार करायला लावला. ब्रिटनच्या १९७८ च्या इंटरप्रिटेशन अ‍ॅक्टने लिंगाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी मोकळी केली. असोसिएटेड प्रेसच्या लेखन-नियमावलीने २०१७ साली एकवचनी ‘दे’ला मर्यादित मुभा दिली, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१९ च्या आवृत्तीने त्याची शिफारसच केली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने जुने आठवे कलम आपल्या व्याख्यांत घेतले. ‘ही’ कायम राहिला, त्याच्या कक्षेत स्त्री-पुरुषांबरोबर ट्रान्सजेंडर व्यक्तीही आल्या.

इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. विद्यार्थ्याने ‘एव्हरीवन’नंतर ‘देअर’ लिहिले तर त्यावर लाल रेघ मारू नका आणि गुण कापू नका. परीक्षा मंडळाच्या नमुना उत्तरात अजून ‘हिज’ असेल तर मंडळाला लिहून कळवा.