मकिनोहाराचा चहा : विस्थापितांच्या श्रमाचा इतिहास

जपानी चहाचा इतिहास सामान्यतः झेन मठ व चहाविधी यांच्या अनुषंगाने मांडला जातो. शिझुओका प्रांतातील मकिनोहारा पठाराचा इतिहास मात्र भिन्न आहे. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर तोकुगावा घराण्याचे सामुराई उपजीविकेस मुकले. १८६९ पासून चुजो कागेआकी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी या ओसाड पठारावर चहाची लागवड आरंभिली. ओई नदीतून प्रवाशांना खांद्यावरून पैलतीरी नेणारे हमालही १८७० मध्ये नावा सुरू झाल्याने बेकार झाले. त्यांपैकी अनेकजण येथेच स्थिरावले. योकोहामा बंदरातील निर्यातीने या श्रमास बाजारपेठ दिली. पुढे अनेक सामुराईंनी मळे सोडले व ते स्थानिक शेतकऱ्यांच्या हाती गेले.

वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, म्हणजे मेच्या प्रारंभी, पहिली खुडणी करण्याचा संकेत आहे. हाताने होणारी ही खुडणी विसाव्या शतकात प्रथम कात्रीने व नंतर यंत्राने होऊ लागली. यंत्राला सपाट, विस्तीर्ण मळे मानवतात. डोंगरउतारावरील लहान मळे मागे पडतात. २०२४ मध्ये कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमाने शिझुओकास मागे टाकले, त्यामागे हेही एक कारण आहे. सारांश, ज्यास आपण प्राचीन परंपरा मानतो, ती पुष्कळदा अलीकडील सामाजिक उलथापालथीतून घडलेली असते आणि श्रमाचे स्वरूप बदलताच तीही बदलते.