शोकाला वयाची अट नाही, उपचारालाही नाही

जोडीदाराचे निधन, नोकरीतून निवृत्ती, मुलांचे परदेशी स्थायिक होणे, वर्षानुवर्षांचे राहते घर सोडावे लागणे... उत्तरायुष्यात अशी स्थित्यंतरे अनेकदा एकापाठोपाठ एक येतात. त्यातून येणाऱ्या उदासीनतेकडे 'आता वय झाले, असे व्हायचेच' म्हणून काणाडोळा केला जातो. ही समजूत जुनी आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०४ मध्ये व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानात, पन्नाशीच्या आसपास मनाची लवचिकता उरत नसल्याने अशा व्यक्तींवर उपचार कठीण असतात, असे मत मांडले होते. तेव्हा ते स्वतः ४८ वर्षांचे होते. पुढील संशोधनाने मात्र हे मत खोटे ठरविले.

शोक म्हणजे आजार नव्हे

प्रिय व्यक्तीच्या वियोगानंतर झोप उडणे, भूक मंदावणे, रडू अनावर होणे, ती व्यक्ती घरातच वावरत असल्याचा भास होणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांना आप्तेष्टांचा आधार आणि काळ एवढेच औषध पुरते.

नकार, संताप, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्या सर्वश्रुत आहेत. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मृत्यूच्या उंबरठ्यावरील रुग्णांशी झालेल्या संवादातून. मागे राहिलेल्यांचा शोक याच क्रमाने ओसरतो, असे नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, शोकाकुल मन कधी आठवणींत बुडते, तर कधी बँकेची कामे, स्वयंपाक, नवी जबाबदारी यांत गुंतते. हे हेलकावे निरोगी मनाचेच लक्षण होत.

दुःख गोठते तेव्हा

काहींच्या बाबतीत मात्र दुःख गोठून राहते. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'प्रदीर्घ शोक विकार' या नावाने त्याची नोंद झाली आहे. गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ सहा महिन्यांहून अधिक काळ कायम राहणे, त्यामुळे दैनंदिन जीवन विस्कळीत होणे आणि हे सारे त्या समाजाच्या रूढ शोककाळापलीकडे जाणे, हे त्याचे निकष आहेत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची मानली आहे.

उपचारात काय होते?

अमेरिकेतील डॉ. कॅथरिन शिअर यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत साधारण १६ बैठका असतात. मृत्यूचा प्रसंग सुरक्षित वातावरणात पुन्हा सांगणे, टाळलेल्या जागा व वस्तूंना हळूहळू सामोरे जाणे आणि स्वतःसाठी नवे उद्दिष्ट ठरविणे, हे तिचे प्रमुख टप्पे. सरासरी ६६ वर्षे वयाच्या १५१ व्यक्तींवरील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने सुमारे ७० टक्के व्यक्तींमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली. तुलनेसाठी योजलेल्या दुसऱ्या मानसोपचार पद्धतीत हे प्रमाण ३२ टक्के होते.

निवृत्ती वा वार्धक्यातील रितेपणासाठी 'जीवनावलोकन' ही पद्धतही वापरली जाते. तिचे मूळ रॉबर्ट बटलर यांच्या १९६३ मधील मांडणीत आहे. ज्येष्ठांचे गतस्मृतींत रमणे ही भ्रमिष्टपणाची खूण नसून आयुष्याचा अर्थ लावण्याची ती नैसर्गिक प्रक्रिया आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

मदत कोठे घ्यावी?

समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात. औषधांची गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे लागते. अचानक विस्मरण वा गोंधळ जाणवल्यास थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व आणि सुरू असलेली औषधे यांची तपासणी आधी करून घेणे इष्ट. 'जगण्यात अर्थ नाही' असे उद्गार वारंवार ऐकू आल्यास सहा महिने थांबू नये.

केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तासांसाठी सुरू झाली. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही स्वतंत्र मदतवाहिनी आहे. उपचाराने गेलेली व्यक्ती विस्मरणात जात नाही. तिची आठवण सोबत घेऊन पुढचा दिवस जगणे मात्र शक्य होते.