मशिदीची, जमातीची वेबसाइट अंधांनाही वाचता यावी: काय करावं, कसं तपासावं

रमजान जवळ आला की सहर-इफ्तारचं टाइमटेबल वेबसाइटवर येतं. पुष्कळदा ते एक रंगीत चित्र असतं. डोळस माणूस ते पाहतो आणि पुढे जातो. अंध भाऊ-बहिणीचा मोबाइल मात्र तिथे फक्त "इमेज" म्हणतो. वेळ काही कळत नाही. स्कॉलरशिपची शेवटची तारीख, जनाजाची वेळ, हज शिबिराचा पत्ता, सगळ्यांचं असंच होतं.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. मदिन्यात ते हजरत बिलाल (रजि.) यांच्यासोबत मुअज्जिन होते. हदीसमध्ये येतं की सहर संपल्याची खूण त्यांच्या अजानने होत असे, आणि पहाट झाल्याचं लोक त्यांना सांगत तेव्हा ते अजान देत. म्हणजे वेळ त्यांना कळवणं ही आजूबाजूच्यांची जबाबदारी होती. आज हेच काम वेबसाइटने करायचं आहे.

अंध व्यक्ती मोबाइल कसा वापरते?

स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतो. विंडोज कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए मोफत मिळतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. ही साधनं मराठीही वाचतात, पण त्यांना मजकूर लागतो, मजकुराचा फोटो नव्हे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींनी हे प्रकरण कोर्टात नेलं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, ही अट त्यांना पूर्ण करता येत नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष आहे.

वेबसाइटवर काय करावं?

१. टाइमटेबल आणि सूचना टाइप करून टाका. पोस्टर हवंच असेल तर त्याखाली तोच मजकूर लिहा. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच.

२. प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट द्या. हे फोटोमागचं छोटं वर्णन असतं. "फोटो १" लिहून उपयोग नाही, "ईदगाहकडे जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा" असं लिहा. पत्ता मात्र शब्दांतही द्या.

३. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो.

४. पान मराठी आहे की उर्दू, हे कोडमध्ये नोंदवायला सांगा. नाहीतर उच्चार चुकतात. उर्दू आणि अरबीसाठी उजवीकडून डावीकडे ही दिशाही नोंदवावी लागते.

५. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत फरक ठेवा. डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हे प्रमाण दिलंय. फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरं नजर कमी झालेल्या दादा-दादींनाही वाचता येत नाहीत.

६. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला नाव द्या. "लाल रकाने भरा" असं नुसतं रंगावरून सांगू नका. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल तर दुसरा पर्याय ठेवा.

७. बयानच्या व्हिडिओला खाली लिखित ओळी द्या, म्हणजे बहिऱ्या व्यक्तीलाही तो समजेल. हात थरथरणाऱ्यांसाठी बटणं मोठी आणि एकमेकांपासून लांब ठेवा.

घरच्या घरी कसं तपासाल?

कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर दाबून दान किंवा नोंदणीचा फॉर्म भरून पाहा. कुठे अडकलात, तिथेच दुरुस्ती हवी. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. लक्षात ठेवा, टॉकबॅक चालू असताना एकदा स्पर्श केला की फोन नाव वाचतो, आणि बटण दाबायला दोनदा टॅप करावं लागतं. आता डोळे मिटून आजची इफ्तारची वेळ शोधा.

शेवटची तपासणी मोहल्ल्यातल्या एखाद्या अंध व्यक्तीकडून करून घ्या. त्यांना पाच मिनिटांत जे सापडेल ते आपल्याला दिवसभर बसूनही दिसणार नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळा खर्च नाही. टाइमटेबल टाइप करायला अर्धा तास पुरतो, आणि त्यानंतर रमजानभर कुणालाही शेजाऱ्याला वेळ विचारत बसावं लागत नाही.