वॉरंटी संपल्यावर

परवा ऑफिसातल्या सर्व्हरची आणखी एक डिस्क गेली. वॉरंटी संपून दोन वर्षं झालीत, त्यामुळे कंपनीकडून फुकट काही येणार नाही. कपाटात जपून ठेवलेली शेवटची डिस्क बसवली आणि सगळा डेटा तिच्यावर उतरेपर्यंत रात्री ११ वाजेपर्यंत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "चालतोय ना? मग नवा कशाला?"

उत्तर शोधताना १९७८ साल आठवलं. आठवलं म्हणजे वाचलेलं हं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता!

१९७३ च्या फेरा कायद्यामुळे बहुतेक परदेशी कंपन्यांना इथल्या व्यवसायातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागणार होता. आयबीएमला ते पटलं नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातून चक्क गाशा गुंडाळला. मागे राहिली तिची यंत्रं. त्यात १४०१ सुद्धा होतं, म्हणजे १९५९ सालचं मॉडेल! बनवणाराच देश सोडून गेला, आता दुरुस्तीला बोलवायचं कुणाला?

ते काम सीएमसीकडे आलं. १९७५ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी, पूर्ण नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. आयबीएमचे काही इंजिनिअरही तिच्यात आले. १४०१ मध्ये ट्रान्झिस्टर छोट्या छोट्या कार्डांवर बसवलेले असत. बिघाड नेमका कुठल्या कार्डात आहे हे ओळखणारा माणूस असला, की यंत्र पुन्हा सुरू व्हायचं.

पण मला जास्त आवडतं ते पुढचं. सीएमसी जुनी यंत्रं सांभाळत बसून राहिली नाही. १९८० च्या दशकात तिनेच नव्या यंत्रांवर रेल्वे आरक्षणाची 'इम्प्रेस' ही प्रणाली दिल्लीत उभी केली. जुनं चालू ठेवलं की नव्याच्या तयारीला वेळ मिळतो. आम्ही मात्र अशी दोन वर्षं नुसती घालवली.

आणि आमचा सर्व्हर नीट कळलेले एकच काका आहेत, ते मे महिन्यात निवृत्त होतायत. म्हणून साहेबांना सांगितलं, "चालतोय, पण सुटी डिस्क संपली आणि काकाही चाललेत." साहेब गप्प झाले. मग म्हणाले, "कोटेशन मागव."

तोवर रोज जेवणानंतर अर्धा तास काकांजवळ वही घेऊन बसतोय. काल पहिल्यांदाच कळलं, बॅकअपची एक पायरी ते अजून हाताने करतात. कुठेच लिहिलेली नाही!

असो. तुमच्याकडचे असे काका कोण, एकदा बघून ठेवा.