पाठीवर नेण्याजोगा संगणक



आमच्या मोडनिंबावरून पंढरपुराकडे जाणारी आगगाडी आज रुंद रुळांवरून धांवते; परंतु १९०६ सालीं कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत जी वाट झाली, तिची रुंदी अवघी अडीच फूट होती. बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग सुरू केला, तेव्हां एक नियम स्वतःस घालून घेतला होता. इंजिन असो वा मालाचा डबा असो, कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. या नियमामुळें हलके रूळ पुरले, आणि चाकांच्या जोड्या वाढवून इंजिनाचें वजन वांटून देतां आलें. वाटेला किती भार सोसेल हा प्रश्न त्यांनीं पहिला धरला. शक्ति किती हवी हा दुसरा. कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींसाठीं कोणता लॅपटॉप घ्यावा याचा खल आज घरोघर चालतो, आणि त्यांत हा क्रम बहुधा उलटा लागलेला मला दिसतो. म्हणून या यंत्राची पूर्वपीठिका आज थोडीशी सांगणार आहें.

संगणक म्हणजे खोली व्यापणारीं कपाटें, अशी सर्वसाधारण समजूत असतांना, अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करणारे ॲलन के यांनीं १९७२ सालीं एक निबंध लिहिला. वहीएवढें, ४ पौंडांहून कमी वजनाचें, मुलांच्या हातीं देण्याजोगें असें एक यंत्र त्यांनीं त्यांत कल्पिलें आणि त्यास 'डायनाबुक' असें नांव दिलें. मौज अशी कीं, त्या निबंधाच्या आरंभींच दोन मुलें हिरवळीवर अंतराळयानांचा खेळ खेळत आहेत, आणि खेळतां खेळतां सूर्याचें आकर्षण यानाला कसें ओढील या विचारांत पडलीं आहेत. म्हणजे खेळ हा या यंत्रांत मागील दारानें शिरलेला चोर नव्हे. तो आणि अभ्यास एकाच पाळण्यांत निजले होते. मुलानें 'मधून मधून खेळेन' असें म्हणतांच पालकांनीं कपाळाला आठ्या घालण्याचें कारण नाहीं.

कल्पनेंतलें वजन प्रत्यक्षांत उतरावयास मात्र बराच काळ लागला. १९८१ सालीं आलेला ऑस्बर्न-१ हा 'उचलून नेण्याजोगा' म्हणून विकला गेला खरा. पण त्याचें वजन सुमारें ११ किलो, पडदा ५ इंची, आणि भिंतींतल्या विजेशिवाय तो चालत नसे. शिवणयंत्राची पेटी उचलावी तसा तो उचलावा लागे! पुढल्याच वर्षीं ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकारानें त्याचा पडदा बिजागरीवर बसवून कळफलकावर मिटेल असा केला; आजच्या लॅपटॉपाचें रूप तें हेंच. हें यंत्र अवकाशयानांतूनहि जाऊन आलें. परंतु किंमत ८ हजार डॉलरांहून अधिक असल्यानें विद्यार्थ्याच्या वाट्यास तें येणें अशक्यच होतें. १९९१ मध्यें ॲपलच्या पॉवरबुकानें कळफलक मागें सारला आणि पुढें मनगटें टेकण्यास जागा केली. सुधारणा दिसावयास क्षुल्लक. पण चार तास टिपणें लिहिणाऱ्यास तिचें मोल कळतें.

या इतिहासांत महाराष्ट्राच्या वाट्यालाहि एक लहानसें पान आहे. रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत खैरात नांवाच्या वस्तीवरील एकशिक्षकी शाळेंत, 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतांतला पहिला प्रयोग २००७ सालीं झाला. मुलें वीस-बावीस, वर्ग चौथीपर्यंतचे. त्यांना मिळालेल्या यंत्राचें वजन दीड किलोच्या आसपास, शक्ति बेताची. पण पडदा असा कीं भर उन्हांत वाचतां यावा, आणि विजेचा खर्च अगदीं थोडा. मुलाचा हात, धूळ, ऊन, विजेचा लपंडाव हें सारें आधीं पाहून मग तें यंत्र घडविलेलें होतें. योजना आपल्या देशांत पुढें फारशी फोफावली नाहीं; यंत्र वांटलें कीं शिक्षण झालें, ही तिची श्रद्धा भाबडीच होती, असें जन्मभर खडू धरलेला माणूस म्हणणारच. तथापि रचनेंतला तो विवेक कॅलथ्रॉपच्या जातीचा होता.

खेळांची ओढ नेमकी उलट दिशेची. चित्रें हुबेहूब दिसावींत म्हणून चित्रणाचें काम स्वतंत्र चिपेकडे सोंपविण्यांत आलें, आणि २००० सालच्या सुमारास अशा चिपा लॅपटॉपांतहि शिरल्या. त्या वीज खातात आणि तापतात. तो ताप काढण्यास पंखे व तांब्याच्या नळ्या लागतात. वजन वाढतें आणि जोडीला विटेएवढा चार्जर येतो. अशीं यंत्रें आजहि बहुधा दोन ते अडीच किलोंचीं असतात, आणि विजेची तार काढली कीं खेळांतला त्यांचा जोम उतरतो. आमच्याकडून पंढरपूरला किंवा सोलापूरला रोज एस. टी.नें उभ्यानें जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर पुस्तकें, डबा आणि पाण्याची बाटली असतेच. त्यावर चार्जरासह हे तीन किलो चढले, तर पंधरा दिवसांत यंत्र घरीं टेबलावर राहूं लागतें. मुंबईच्या लोकलमध्येंहि याहून निराळें काय होणार? बापानें उसाच्या बिलांतून किंवा पगाराच्या हप्त्यांतून घेतलेली ती सुटसुटीत वस्तु मग सुटसुटीत कोठें राहिली?

सुदैवानें अलीकडे मुख्य चिपेंतच चित्रणशक्ति इतकी वाढली आहे कीं, सुटींत क्रिकेटचा वा फुटबॉलचा डाव मांडावयास, चित्रांचा बारकावा थोडा उतरवून, सव्वा ते दीड किलोचें यंत्रहि पुरतें. स्मृति १६ जीबी घ्यावी. कारण हलक्या यंत्रांत ती पुष्कळदां झाळून पक्की बसविलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं, आणि चित्रणाचा भागहि तिच्यांतूनच आपला वांटा घेतो. बॅटरीचा आंकडा वॉट-तासांत पाहावा. जाहिरातींतल्या तासांवर विसंबूं नये. दुकानांत यंत्र चार्जरासह पिशवींत घालून खांद्याला लावून पाहावें. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा. अभियांत्रिकीच्या किंवा वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यास त्रिमितीय आराखडे करावयाचे असले, तर गोष्ट निराळी. स्वतंत्र चिप त्याला अभ्यासासाठींच लागते, आणि तें वजन त्यानें सोसावें. वसतिगृहांत राहणाऱ्याची खोली वर्गापासून पांच मिनिटांवर असेल, तर अर्धा किलो अधिक झाला म्हणून कांहीं बिघडत नाहीं.