हर्बर्ट सायमन आणि विचार करणारे यंत्र

मनुष्य विचार करतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुरातन काळापासून चर्चिला आहे. परंतु त्याचे उत्तर यंत्राच्या साहाय्याने पडताळून पाहावे असे मनावर घेणाऱ्या पहिल्या पिढीच्या पंडितांत हर्बर्ट सायमन ह्यांचे नाव अग्रभागी येते.

सायमन ह्यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी झाला. शिकागो विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्राचे अध्ययन केले. कचेऱ्यांतील अधिकारी निर्णय कसे घेतात हे पाहता पाहता त्यांच्या ध्यानी आले की, अर्थशास्त्राच्या ग्रंथांतील सर्वज्ञ मनुष्य व्यवहारात कोठेच आढळत नाही. वेळ थोडा, माहिती अपुरी आणि बुद्धी मर्यादित. म्हणून मनुष्य सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेसे चांगले गवसताच थांबतो. ह्या विचाराचे बीज त्यांच्या १९४७ सालच्या प्रशासनविषयक ग्रंथात आहे.

मग हा अल्पज्ञ मनुष्य अवघड प्रश्न सोडवितो तरी कसा? ते जाणण्यासाठी सायमन, ॲलन न्यूएल व क्लिफ शॉ ह्यांनी तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारी आज्ञावली रचली. ती यंत्रावर चालू होण्यापूर्वीच, १९५६ च्या जानेवारीत, सायमन ह्यांनी पत्नी, तीन मुले व काही विद्यार्थी ह्यांच्या हाती आज्ञा लिहिलेली कार्डे दिली. ज्याने त्याने आपल्या कार्डाबरहुकूम वागावयाचे. आणि घरची माणसेच जणू यंत्राचे भाग झाली! पुढे खऱ्या यंत्राने रसेल व व्हाइटहेड ह्यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’तील दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ५२ सिद्धांतांपैकी ३८ सिद्ध केले. सर्व वाटा आंधळेपणाने न चाचपता, साध्यापासून उलट पावली येऊन आशादायक वाट तेवढी निवडावयाची, ही त्याची रीत होती.

यशाच्या भरात १९५७ साली सायमन ह्यांनी भाकीत केले की, दहा वर्षांत यंत्र बुद्धिबळात जगज्जेते होईल. ते फसले व टीकाकारांना आयतेच शस्त्र मिळाले. १९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारॉव्हला हरविले खरे, परंतु सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासून! मनुष्याची रीत निराळी. सायमन व विल्यम चेस ह्यांनी १९७३ साली दाखविले होते की, निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील मांडणी काही क्षणांत स्मरते. मोहरी कशीही विखुरली, तर मात्र तो नवशिक्याच्या फारसा पुढे नसतो. म्हणजे प्रावीण्य हे अफाट गणनेत नसून ओळखीच्या आकृत्यांच्या संचयात आहे.

१९७५ साली न्यूएल ह्यांच्यासह ट्यूरिंग पारितोषिक व १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक सायमन ह्यांना लाभले. २००१ साली ते निवर्तले. त्यांच्या भाकिताची मुदत चुकली; परंतु मर्यादित बुद्धीचा मनुष्य अमर्याद जगात वाट कशी काढतो, हा त्यांचा प्रश्न आजच्या प्रचंड यंत्रांपुढेही तसाच उभा आहे.