शिंगांची टोकं मोजताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली होती. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी शाळा बंद राहील, एवढंच त्यात लिहिलं होतं. ही २००२ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोंगराळ भागातल्या एका लहान गावात राहत होतो. गुरुवारी सण आणि शुक्रवारी त्याची जोडसुट्टी, हे मला माहीत होतं. पण सोमवार कशासाठी? शेजारच्या आजोबांना विचारलं, तर तेच माझ्याकडे आश्चर्यानं पाहू लागले. दिवाळीला सुट्टी कशाला, असं कुणी आपल्याला विचारलं तर आपण पाहू ना, तसं. म्हणाले, "अगं, सोमवारी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस!"

श्रोतेहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या देशात हरणाची शिकार म्हणजे थेट तुरुंग. त्यामुळे शिकारीसाठी शाळा बंद ठेवायची ही कल्पनाच मला पचेना. पण त्या गावात बाप मुलाला, आजोबा नातवाला बोट धरून जंगलात नेत. घरोघरी मांसानं शीतपेटी भरून ठेवत, आणि ते हिवाळाभर पुरे.

त्या वर्षी मात्र सणासारख्या या दिवसावर नाराजीचं सावट होतं. न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय: शिंगांची टोकं. राज्यानं नवा नियम केला होता. हरणाच्या निदान एका बाजूच्या शिंगाला तीन टोकं असतील, तरच त्या नरावर गोळी झाडायची. पश्चिमेकडच्या काही जिल्ह्यांत तर चार टोकं हवीत. सोळा वर्षांपर्यंतची मुलं, अपंग आणि सैन्यात नोकरीला असलेले यांना सूट होती. बाकीच्यांनी आधी टोकं मोजायची, मग चाप ओढायचा.

हे नीट कळण्यासाठी शिंगांबद्दल थोडं सांगायला हवं. मराठीत आपण गाईचंही शिंगच म्हणतो आणि सांबराचंही. पण दोन्हींत मोठा फरक आहे. गाईचं शिंग जन्मभराचं. सांबर, चितळ किंवा अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण यांची शिंगं मात्र हाडाची असतात. ती दरवर्षी गळतात आणि नव्यानं उगवतात. आपल्याकडेही जंगलात सांबराची गळून पडलेली शिंगं सापडतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणात ही शिंगं फक्त नरालाच येतात. वसंतात फुटू लागतात, उन्हाळाभर मऊ लवदार कातडीखाली वाढतात आणि हिवाळ्यात गळून जातात. दीड वर्षाच्या नराची शिंगं बहुधा दोन सरळ खुंट किंवा दुबेळक्याएवढीच. अडीच-तीन वर्षांचा झाला की त्यांना चांगले फाटे फुटतात. वर्षाला एक टोक, असा काही हिशेब नसतो. वय, अनुवंश आणि खाणं या तिन्हींवर ते अवलंबून असतं. पश्चिमेकडे चार टोकांची अट होती ती यामुळेच. तिकडे हरणांना खायला चांगलं मिळतं, म्हणून कोवळ्या नरालाही लवकर टोकं फुटतात. दीड वर्षाच्या नरांपैकी निदान निम्मे तरी वाचावेत, हा त्या नियमाचा हेतू होता.

मग एवढं रागावण्यासारखं त्यात काय होतं? त्याचं उत्तर शंभर वर्षं मागे गेल्यावर मिळतं.

पेनसिल्व्हेनिया या नावाचा अर्थच 'पेनचं अरण्य'. पण एकोणिसाव्या शतकात ते अरण्य कापून काढलं गेलं. लाकूड इमारतींना गेलं, हेमलॉक झाडाची साल कातडी कमावण्याच्या कारखान्यांना गेली. लांडगे आणि प्यूमा संपले. हरणांचं मांस बाजारात विकलं जाई, शिकारी कुत्री लावून त्यांना पळवून मारलं जाई. १९०० च्या सुमारास हरीण दिसणं ही बातमी झाली होती. मग शिकाऱ्यांनीच पुढाकार घेतला. १८९५ साली राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार मंडळ, स्थापन झालं. १९०५ पासून राखीव क्षेत्रं झाली. १९०६ पासून मिशिगनसारख्या दुसऱ्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली गेली. आणि १९०७ साली सर्वांत महत्त्वाचा कायदा आला: फक्त शिंगवाला नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही.

हा कायदा कमालीचा यशस्वी झाला. एक नर अनेक माद्यांना पुरतो. मादी मात्र पहिल्या खेपेला एक आणि पुढे बहुधा जुळी पाडसं देते. माद्या वाचल्या, हरणं भराभर वाढली. तोडलेल्या जंगलात नवे कोवळे कोंब फुटत होते, तेही त्यांच्या पथ्यावर पडलं. मादीला न मारणं ही आता कायद्यापुरती गोष्ट राहिली नाही. ती सभ्यतेची खूण झाली. मादीवर गोळी झाडणारा माणूस हलका, ही शिकवण बापाकडून मुलाकडे गेली. आमच्या शेजारच्या आजोबांनी ती त्यांच्या वडिलांकडून घेतली होती.

पण कायदा चांगला असला तरी त्याचं काम कधी संपलं, हे त्याला स्वतःला कळत नाही. १९२० च्या दशकात हरणं इतकी झाली की हिवाळ्यात उपाशी मरू लागली. मंडळानं १९२३ साली काही भागांत माद्यांची शिकार खुली केली. १९२८ साली तर नरांची शिकार बंद ठेवून केवळ बिनशिंगी हरणांचा हंगाम जाहीर केला. केवढा गदारोळ झाला! शिकाऱ्यांना वाटलं, ज्यांनी हरणं वाचवली तेच आता ती संपवायला निघाले. पुढची सत्तर वर्षं हेच भांडण चाललं. १९५७ साली मंडळाच्या संशोधन विभागाचे प्रमुख रॉजर लेथम यांना माद्यांच्या शिकारीची बाजू उघडपणे मांडल्यामुळे नोकरी गमवावी लागली. दुसऱ्या राज्यांतही हेच. विस्कॉन्सिनमध्ये अल्डो लिओपोल्ड या थोर वनशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात हाच सल्ला दिला, तेव्हा त्यालाही लोकांच्या शिव्याशाप खावे लागले.

यात एक मेख होती. मंडळाचा खर्च मुख्यतः शिकारीच्या परवान्यांच्या पैशातून चाले. परवाने काढणारा शिकारी नाराज झाला की आमदार नाराज, आणि मग मंडळाची कोंडी. त्यामुळे शास्त्रज्ञ काय सांगतात ते माहीत असूनही निर्णय अर्धवट होत.

किंमत जंगलानं मोजली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. गावाबाहेर वनखात्यानं काही एकरांना उंच तारेचं कुंपण घातलं होतं. कुंपणाच्या आत ओक, मेपलची रोपं माणसाच्या उंचीची, खाली रानफुलं. कुंपणाबाहेर वर मोठी झाडं आणि खाली नुसतं नेच्याचं हिरवं अंथरूण. नेचा हरणं खात नाहीत. बाकी सगळं खातात. बाहेर एकही लहान झाड नव्हतं. म्हणजे ही मोठी झाडं पडली की पुढे काय? झुडपांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही जागा राहत नाही. जंगल वरून भरलेलं दिसतं, पण त्याला मूलबाळ नाही, असं ते दृश्य होतं.

अशा वेळी १९९९ साली हरणांचा विभाग गॅरी आल्ट या शास्त्रज्ञाकडे आला. हा माणूस अस्वलांचा तज्ज्ञ. अस्वलांच्या गुहेत शिरून पिल्लं मोजणारा म्हणून राज्यभर लोकप्रिय. त्यानं गावोगावी, शाळांच्या सभागृहांत, अग्निशमन दलाच्या दालनांत व्याख्यानं दिली. स्लाइड दाखवून तो तासन्‌तास बोले आणि प्रश्नांना उत्तरं देई. तो सांगे ते साधं होतं: माद्या फार झाल्या आहेत, त्या कमी करा. आणि नर फार कोवळे मारता आहात, त्यांना वाढू द्या. त्या काळी शिंगवाल्या नरांपैकी सुमारे ८० टक्के दरवर्षी मारले जात आणि त्यातले बहुतेक दीड वर्षाचे असत.

२००१ पासून नर आणि माद्यांचा हंगाम एकत्र झाला, २००२ साली टोकांचा नियम आला. माझ्या मते आल्टचं शहाणपण या जोडणीत होतं. माद्या मारा, एवढंच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. पण आज सोडलेला नर उद्या मोठ्या शिंगांचा होऊन भेटेल, हे आमिष शिकाऱ्याला कळत होतं.

तरी विरोध झालाच, आणि तो अडाणीपणाचा होता असं मी म्हणणार नाही. मी ऐकलेली एकेक बाजू सांगते. काही म्हणत, आम्हाला भिंतीवर शिंगं टांगायची नाहीत, मुलांना मांस खायला घालायचंय. दोन टोकांच्या हरणाचं मांस काय कडू असतं? काही म्हणत, संध्याकाळच्या अंधूक उजेडात, झुडपाआडच्या हरणाची टोकं मोजायची कशी? चूक झाली की घाबरून माणूस हरीण तिथेच टाकून जाईल. काहींचा मुद्दा अधिक खोल होता: दीड वर्षातच तीन टोकं फुटलेला नर म्हणजे सगळ्यांत सशक्त, तोच आपण मारणार आणि दुबळा राखणार, हे उलटंच नाही का? आणि बाजूनं बोलणारे, विशेषतः तरुण, म्हणत की आयुष्यात एकदा तरी चांगला वयात आलेला नर जंगलात पाहायला मिळावा, त्यासाठी थांबायची आमची तयारी आहे.

आमच्या आजोबांचा तर दोन्हींना विरोध. मादी मारायची नाही हा वडिलांचा शब्द, आणि नराची टोकं मोजायला डोळे नाहीत. त्या सोमवारी ते रिकाम्या हातांनी परतले. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "एक नर आला होता. दोन टोकं दिसली. तिसरं होतं की फांदी होती, कळेना. सोडून दिला." चेहऱ्यावर राग होता. थोड्या वेळानं म्हणाले, "पन्नास वर्षांत इतका वेळ कुठल्या हरणाकडे पाहिलं नव्हतं."

त्या पहिल्या वर्षीचे आकडे बोलके आहेत. २००१ साली सुमारे २ लाख ३ हजार नर मारले गेले होते. २००२ साली १ लाख ६५ हजार. पण माद्या आणि पाडसं धरून एकूण शिकार ५ लाख १७ हजारांवर गेली, तोवरचा उच्चांक. पुढच्या दोन-तीन वर्षांत हरणं खरोखर कमी झाली, आणि मग लोक खवळले. 'जंगल रिकामं केलं' अशी ओरड झाली. आल्टवर इतका राग होता की काही सभांना तो बुलेटप्रूफ जाकीट घालून गेला. २००४ च्या अखेरीस त्यानं राजीनामा दिला. प्रकरण न्यायालयातही गेलं.

आल्ट गेला, पण नियम टिकला. २०११ साली पश्चिमेकडची अट जरा सोपी झाली: कपाळाजवळचं टोक सोडून वरची तीन मोजायची. शास्त्रज्ञांनी शेकडो नरांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून पाहिलं. नियमानं वाचलेले कोवळे नर बहुसंख्येनं पुढच्या वर्षापर्यंत जगत होते. पूर्वी मारल्या जाणाऱ्या नरांत पाचांतले चार दीड वर्षाचे असत. पुढे चित्र उलटलं आणि अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे सुमारे दोन-तृतीयांश झाले. पाहण्या घेतल्या तेव्हा बहुसंख्य शिकारी नियमाच्या बाजूनं दिसले.

पण गोष्ट इथेही संपत नाही. २०१२ साली पेनसिल्व्हेनियात हरणांना मेंदू सडवणारा एक असाध्य रोग आढळला. हा रोग वयानं मोठ्या नरांत जास्त दिसतो. म्हणजे ज्यांना वाढू दिलं, तेच रोगाचे वाहक ठरू शकतात. मिझुरी राज्यानं रोग आढळलेल्या भागांतून टोकांचा नियम मागेही घेतला. शंभर वर्षांपूर्वीच्या चांगल्या कायद्याचं जे झालं, ते उद्या या चांगल्या नियमाचंही होऊ शकतं.

मला या साऱ्यातून एक गोष्ट लक्षात राहिली. १९०७ चा कायदा करणारे चुकले नव्हते, आणि तो मोडा म्हणणारेही चुकले नव्हते. परिस्थिती बदलली होती. अवघड असतं ते एवढंच: तुमच्या वडिलांनी शिकवलेलं बरोबर होतं, पण आज ते तसंच चालणार नाही, हे माणसाला त्याचा अपमान न करता सांगणं. आल्टनं ते सांगण्यासाठी गावोगाव जाऊन लोकांसमोर उभं राहण्याचं धाडस केलं आणि त्याची किंमतही मोजली.

आम्ही भारतात परतायच्या आदल्या हिवाळ्यात आजोबांनी आम्हाला मांसाचं पुडकं आणून दिलं. आम्ही शाकाहारी, पण नाही म्हणवेना. "तुम्ही मारलंत?" मी विचारलं. "नातीनं," ते म्हणाले. मग जरा थांबून, जमिनीकडे बघत, "मादी होती."

मी काही बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, "कुंपणाच्या आतलं रान मीही पाहिलंय."